१४२८५७ ही नुसती गंमत नव्हे

अंकांच्या करामतींना गणित म्हणू नये, असा एक जुना पूर्वपक्ष आहे. त्याचे सर्वांत वजनदार वकील म्हणजे केंब्रिजचे जी. एच. हार्डी. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. असल्या गोष्टी वर्तमानपत्रातल्या कोड्यांपुरत्या ठीक, गणितज्ञाला त्यांत काही नाही, असा निकाल त्यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात दिला. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना (१९०५–१९८६) आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी याच मापाने मोजले.

हार्डींच्या उदाहरणांपुरता हा निकाल मान्य करू. पण १४२८५७ घ्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. हा योगायोग आहे का? मुळीच नाही. १४२८५७ ची सातपट ९९९९९९, आणि तिच्याहून एक कमी असलेल्या १४२८५६ ला ७ ने भागले की बरोबर २०४०८. म्हणून १४२८५७ गुणिले १४२८५६ म्हणजे ९९९९९९ गुणिले २०४०८. बेरीज जुळण्याचे सगळे कारण एवढ्यात आहे. अशीच दुसरी सहा अंकी कापरेकर संख्या हवी असेल, तर ९९९९९९ चे अवयव पाडायला बसावे लागते. याला गणित म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

दशमान पद्धत सोडली की गंमत संपते, हा आक्षेपही टिकत नाही. पाया बदलला तर संख्या बदलतात, नियम तोच राहतो. १ ला ७ ने भागले की दशांशात हेच १४२८५७ पुन्हा पुन्हा येते; दशांश अपूर्णांकांच्या अशा आवर्तनांवर गाउसने १८०१ च्या ग्रंथात लिहिले, ते काही करमणूक म्हणून नव्हे.

१४२८५७ मध्ये दैवी शक्ती पाहणारे तर हार्डींहून अधिक नुकसान करतात. कारण शोधता येत असताना ते हात जोडायला सांगतात.

तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटसारख्या गावातल्या शाळेत कारण शोधण्याच्या या कामाला खडू आणि फळा पुरतो. १ ला ७ ने भागताना बाकी ३, २, ६, ४, ५ अशी येत पुन्हा १ वर येते. सातच्या आतली एकही बाकी सुटत नाही. १३ ने भागले तर बारापैकी सहाच बाक्या येतात. १७ ने भागले की पुन्हा सगळ्या, सोळाच्या सोळा. असे पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का? तशा त्या आहेत, असे एमिल आर्टिनच्या १९२७ च्या अनुमानातून निघते. सिद्धता अजून कोणाकडेही नाही. जळकोटच्या शिक्षकांनो, हा भागाकार मुलांकडून शेवटच्या बाकीपर्यंत करून घ्या, आणि प्रश्न अजून सुटलेला नाही हेही त्यांना सांगा.