कुरूप दाखवायचं कुणाला?

बीपी तपासून झालं, गोळ्या लिहून झाल्या, पेशंट दाराशी पोचला की मागं वळून म्हणतो, "डॉक्टर, पायाला ह्ये कुरूप झालंय, लई टोचतंय. काही मलम-बिलम द्या की." नांदेड असो की लातूर, ओपीडीत ही तक्रार बहुतेक वेळा अशी जाता जाताच येते. तोवर घरी दाढीच्या ब्लेडने एकदा तासून झालेलं असतं आणि मेडिकलमधून आणलेली कॉर्न कॅपही लावून झालेली असते.

माझं मत स्पष्टच सांगतो. ज्याला शुगर आहे, त्याच्या पायाला घरचं ब्लेड आणि कॉर्न कॅप, दोन्ही लागता कामा नये.

कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं, बऱ्याचदा ४० टक्के. ते जाड झालेली कातडी मऊ करून सोलून काढतं. पण कुरूप कुठं संपलं आणि चांगली कातडी कुठं सुरू झाली, हे त्याला कळत नाही. धडधाकट माणसाला आग झाली की तो पट्टी काढून फेकतो. बरीच वर्षं शुगर असलेल्यांपैकी अनेकांचे तळपाय बधिर झालेले असतात. त्यांना आगच जाणवत नाही. चार दिवसांनी पट्टी काढावी, तर खाली खड्डा. त्यात रक्तपुरवठा कमी असेल आणि साखर चढलेली असेल, तर जखम हाडापर्यंत जाऊन बोट काढायची वेळ येऊ शकते. एका कुरूपापायी!

"पण मला तर दुखत नाही," असं कुणी म्हणालं की मला जास्त काळजी वाटते. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. बोटं रोगाने आपोआप 'झडत' नाहीत. दुखणं कळत नसल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा इजा होते आणि पाय जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. शुगरच्या पायाचंही तेच आहे. म्हणून नवरात्रात अनवाणी राहणाऱ्या माझ्या शुगरच्या पेशंटना मी दरवर्षी विनवतो. देवी चप्पल घातली म्हणून रागावत नाही, असं मी सांगतो, निम्मे ऐकतात.

दुसरी गोष्ट, प्रत्येक कुरूप हे कुरूप नसतं. शेतात राबणाऱ्याच्या तळपायात कधी बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक राहिलेलं असतं. कधी ती चामखीळ असते, म्हणजे विषाणूमुळे होणारी वाढ. कुरूप सरळ दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. तिन्हींचे उपाय वेगळे.

आणि खरं कुरूप काढलं तरी परत का येतं? कारण दाब तसाच राहतो. घट्ट बूट, झिजलेली स्लीपर, तळातून वर आलेला खिळा. तो दाब काढल्याशिवाय मलम फुकट.

मग जायचं कुणाकडे? आपल्याकडे फक्त पायाचा असा डॉक्टर सहसा सापडत नाही, आणि म्हणूनच माणूस थेट मेडिकलच्या काउंटरवर जातो. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवा. ते शुगर बघतील, पायाची नाडी आणि संवेदना तपासतील, गरज पडली तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जनकडे पाठवतील. खर्चाची अडचण असेल तर नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. दोन्हीकडे हे विभाग आहेत. बधिर पायांसाठी मऊ एमसीआर रबराची चप्पल मिळते, तिच्याबद्दल आवर्जून विचारा. पाय लाल होऊन सुजला, पू किंवा वास येऊ लागला, बोट काळं पडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

यात आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे. शुगरच्या पेशंटला "चप्पल काढा, पाय दाखवा" असं दर वेळी आम्हीच म्हणायला हवं. गर्दीच्या दिवशी ते राहून जातं, माझ्याकडूनही. म्हणून पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या तुम्हीच पाय दाखवा, बीपीच्या आधी. आणि येताना रोजची जुनी चप्पलच घालून या, नवी नको. तिचा तळ मला बघायचा आहे.