वही मिटल्यानंतरचे काम

भरतीच्या जाहिरातीत आपला वेग मोजला जातो. उच्च श्रेणी लघुलेखकाला मिनिटाला 120 शब्द, निम्न श्रेणीला 100, लघुटंकलेखकाला 80. क्लासमध्येही चर्चा वेगाचीच असते. वेग हवाच, त्याशिवाय दालनात बसता येत नाही. पण लघुलेखकाची खरी पारख वही मिटल्यावर, ट्रान्सक्रिप्शनला बसल्यावर होते, असे आमचे ठाम मत आहे.

मराठी डिक्टेशनमध्ये वाक्याचा सगळा निर्णय शेवटच्या शब्दावर असतो. 'अर्जदारास थकबाकीची रक्कम अदा करण्यात येत' इथपर्यंत हात सहज चालतो, आणि नेमका 'आहे' की 'नाही' म्हणताना साहेबांचा आवाज खाली जातो किंवा फोन वाजतो. मान्य-अमान्य, वैध-अवैध, ज्ञात-अज्ञात या जोड्या आणखी फसव्या. स्ट्रोक तेच, फरक फक्त सुरुवातीच्या स्वराचा. वेगात स्वर गाळायला आपण शिकलेलो असतो. या शब्दांत मात्र तो गाळायचा नाही, कितीही घाई असो. तोच प्रकार जाड-बारीक रेघेचा. साध्या बॉलपेनने काढलेला 'दर' दुसऱ्या दिवशी 'तर' दिसतो. म्हणून जुनी मंडळी अजून पेन्सिल सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आकड्यांचे दुखणे वेगळे. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र दोन आधी. पूर्ण शब्द कानावर पडेपर्यंत हात थांबला नाही की 27चे 72 होतात. एकोणसत्तर आणि एकाहत्तर यांनी तर भल्याभल्यांना चकवले आहे. रक्कम, तारीख आणि कलम डिक्टेशन संपताच वाचून दाखवण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्या मसुद्यात खाडाखोड कमी असते.

21 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाच्या सुनावणीत संगणकाने युक्तिवादाचे थेट शब्दांकन केले. तेव्हापासून 'आता आपले काय?' असे वाचक विचारत आहेत. संगणक ऐकलेले सगळे उतरवील. पण न्यायाधीश निकाल सांगता सांगता मध्येच वकिलांना उत्तर देतात, आधीचे वाक्य बदलतात, 'ते काढा' म्हणतात. त्यातले निकालात काय जायचे आणि काय नाही, हे समोर बसलेल्या लघुलेखकाला कळते. खुल्या न्यायालयात संपूर्ण निकाल सांगितला जातो तेव्हा तो लघुलिपीत उतरवून घ्यावा आणि तयार प्रतीच्या प्रत्येक पानावर सही व्हावी, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 353मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 392मध्ये आहे. त्या सहीमागे आपल्या वाचनावरचा विश्वास असतो. शिवाय उद्या यंत्राचा मसुदा समोर आला, तरी त्यातला हरवलेला 'नाही' शोधायला असाच तयार कान लागेल.

अधिकाऱ्यांनाही एक विनंती. संध्याकाळी साडेपाचला डिक्टेशन देऊन सकाळी दहाला प्रत मागू नका. टिपण शिळे झाले की आवाजाची आठवण जाते आणि उरतात नुसत्या रेघा.

आणि लघुलेखक मित्रमैत्रिणींनो, शब्द निसटला तर अंदाजाने भरू नका. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. त्या दिवसाचे डिक्टेशन त्याच दिवशी उतरवा, आणि शंका असेल ती सही होण्याआधी विचारा.