पाँड रेसर कोसळले, प्रश्न मात्र उभाच आहे

१/ हवाई शर्यतींच्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मोटारीचे इंजिन आकाशात टिकत नाही, पाँड रेसरने ते सिद्ध केले.’ वाक्य सोपे आहे आणि चुकीचे आहे. एका विमानाच्या अपघातावरून एका संपूर्ण कल्पनेला दोषी ठरवणारा हा निवाडा पुराव्यांवर टिकत नाही.

२/ अमेरिकेतील रेनो येथे १९६४ पासून दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या शर्यती होत. तेव्हा ही विमाने युद्धोत्तर भंगार मानली जात. शर्यतींमुळे त्यांतील कित्येक भट्टीत जाण्यापासून वाचली, हे मान्य केलेच पाहिजे.

३/ पण १९९० उजाडेपर्यंत त्या भंगाराचा वारसा झाला होता. शर्यतीची रीत मात्र तीच राहिली. मस्टँगच्या २७ लिटर मर्लिन इंजिनातून युद्धकाळाच्या जवळजवळ दुप्पट शक्ती पिळून काढायची आणि कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर आला, की दुसरे जुने इंजिन शोधायचे. नवे मर्लिन तर कोणी बनवतच नव्हते.

४/ जुन्या विमानांचे संग्राहक बॉब पाँड यांना हा नाश खुपत होता. त्यांनी बर्ट रुटान यांच्याकडून एक पर्याय घडवून घेतला. १९९१ मध्ये उडालेल्या या हलक्या विमानात निसानची ३ लिटरची दोन व्ही-६ टर्बो इंजिने होती. ती ३००झेडएक्स मोटारीच्या इंजिनाच्या कुळातली.

५/ समोर कोण होते? १९९१ ची शर्यत ताशी ४८१ मैलांच्या वेगाने जिंकणारे ‘रेअर बेअर’. त्याचे इंजिन सुमारे ५५ लिटरचे. पाँड रेसरची दोन्ही मिळून ६. प्रत्येक इंजिनाकडून हजार अश्वशक्तीची अपेक्षा होती. शर्यतीत ती कधीच हाती आली नाही.

६/ सप्टेंबर १९९३ मध्ये पात्रता फेरीत इंजिनाने दगा दिला. तातडीने उतरण्याच्या प्रयत्नात वैमानिक रिक ब्रिकर्ट यांचा मृत्यू झाला. या मृत्यूचे गांभीर्य कमी लेखता येत नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष तपासता येतो.

७/ इंजिन मुळात दुबळे होते काय? याच घराण्यातील इंजिनाने निसानच्या मोटारीला १९८९ ची सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकून दिली होती. मात्र मोटार वळणावर वेग कमी करते, ब्रेक लावते, इंजिनाला श्वास घेऊ देते. शर्यतीचे विमान आठ-दहा मिनिटे थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून धावते.

८/ शिवाय मोटारीचे शर्यती इंजिन फार वेगाने फिरते. प्रोपेलरला तो वेग चालत नाही. म्हणून मध्ये गिअर हवा. गिअर आला की कंपने आली, आणि प्रचंड उष्णता बाहेर टाकण्याचा प्रश्नही आला. हे सारे कठीण आहे. परंतु कठीण असणे आणि अशक्य असणे यांत अंतर आहे.

९/ पुरावा हवा असेल तर फॉर्म्युला व्ही गटाकडे पाहावे. १९७० च्या दशकात बीटल मोटारीचे १६०० सीसी फोक्सवॅगन इंजिन घेऊन लहान विमाने शर्यतीत उतरली. १९३० च्या दशकापासून शर्यती गाजवणारे स्टीव्ह विटमन यांनीही या गटासाठी विमान बांधले. प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर, मागणी माफक, रचना साधी. मोटारीचे इंजिन तेथे टिकले.

१०/ आता खुद्द मर्लिनचा इतिहास पाहू. १९३३ मध्ये ते प्रथम चालले आणि पुढची काही वर्षे अडखळत राहिले. सुरुवातीच्या सिलिंडर हेडना तडे जात. अखेर तो आराखडाच टाकून द्यावा लागला. पाँड रेसरला लावलेला तीन वर्षांचा निकष तेव्हा मर्लिनला लावला असता, तर स्पिटफायरचे काय झाले असते?

११/ मर्लिनला वाचवले ते वेळेने, पैशाने आणि अखंड चाचण्यांनी. मस्टँगची मर्लिन इंजिने तर पॅकार्ड या मोटार कंपनीने परवान्याखाली डेट्रॉइटमध्ये बनवली. पाँड रेसरच्या पाठीशी सरकार नव्हते, युद्धाची निकड नव्हती. होता एक संग्राहक आणि एकुलते एक विमान.

१२/ ‘ही विमाने उडण्यासाठीच आहेत’ हा युक्तिवाद योग्यच आहे. पण उडवणे वेगळे आणि फुटेपर्यंत पळवणे वेगळे. जपून उडवलेले मस्टँग पुढच्या पिढीलाही उडताना दिसेल. फुटलेला क्रँककेस फार तर काचेच्या पेटीत दिसेल.

१३/ २०२३ मध्ये रेनोच्या मैदानावरील शर्यतींचे पर्व संपले. तोवर अव्वल गटातील मान जुन्या इंजिनांकडेच राहिला. पाँड यांचे उत्तर अपुरे होते, हे इतिहासाने दाखवले. त्यांचा प्रश्न चुकीचा होता, हे मात्र कोणीही दाखवलेले नाही. जी वस्तू पुन्हा घडवता येत नाही, ती एका चषकासाठी जाळण्याचा अधिकार एका पिढीला कोणी दिला?