जाहिरात मराठीत, जोखीम इंग्रजीत

ऊर्जाव्यवसायातील एखादी कंपनी डबघाईला येऊन तिचा समभाग मातीमोल झाला, की आपल्याकडे एक निवाडा तत्काळ दिला जातो : 'हाव केली, बुडाले!' देवळाच्या कट्ट्यावर, वाचनालयात, दूध घालायला जमलेल्या घोळक्यात तो एकाच स्वरात ऐकू येतो. ज्यांनी भाग घेतलेच नव्हते ते हा निवाडा देतात, यात नवल नाही. नवल हे, की ज्यांनी घेतले आणि गमावले तेही त्यास मान डोलावतात. बुडालेला माणूस स्वतःलाच दोषी ठरवतो आणि घरात तो विषय पुन्हा काढू देत नाही. आमची तक्रार या मौनाविषयी आहे. आणि ज्यांच्या सोयीसाठी हे मौन पाळले जाते त्यांच्याविषयीही आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. १५ जानेवारी २००८ रोजी रिलायन्स पॉवरची भागविक्री खुली झाली. त्या वेळी कंपनीचा एकही वीजप्रकल्प कार्यान्वित झालेला नव्हता. जे होते ते योजनांच्या स्वरूपात होते. तरीही १० रुपये दर्शनी किमतीचा भाग ४५० रुपयांना आणि लहान गुंतवणूकदारास २० रुपये सवलतीने, म्हणजे ४३० रुपयांना, देण्यात आला. मागणी विक्रीस काढलेल्या भागांच्या सुमारे ७३ पट झाली. ११ फेब्रुवारीस बाजारात नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी भाव ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला. पुढे प्रवर्तकांना वगळून इतरांना दर पाच भागांमागे तीन बक्षीस समभाग मिळाले, हे नमूद केले पाहिजे. ते धरूनही लहान भागधारकाची खरेदी भागामागे २६९ रुपयांच्या आसपास पडली होती. २०२० च्या मार्चमध्ये त्याच भागाचा भाव दोन रुपयांच्याही खाली होता.

दुसरे उदाहरण पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनचे. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरील तिच्या पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. २००५ साली तिचा भाग ५१० रुपयांना विकला गेला. २००८ च्या आरंभी एकाचे पाच भाग झाले, म्हणजे मूळ किंमत १०२ रुपये धरावी. भरभराटीच्या काळात कंपनीने बेल्जियममधील हॅन्सन आणि जर्मनीतील रीपॉवर या कंपन्या ताब्यात घेतल्या. पाठोपाठ जागतिक मंदी आली, अमेरिकेत पात्यांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या आणि कर्जाचा भार पेलेनासा झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय चलनातील सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरच्या रोख्यांची परतफेड कंपनीस करता आली नाही. २०२० च्या मार्चमध्ये हाही भाग दोन रुपयांखाली गेला. पुढे ही कंपनी सावरली आणि भावही पुष्कळ वर आला. परंतु मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या बिलासाठी ज्याने दोन रुपयांना भाग विकले, त्याच्या वाट्याला या सावरण्यातले काय आले?

यावर सुज्ञ माणसे म्हणतील, 'बाजार म्हटला की जोखीम आलीच. नफा झाला असता तर तो तुम्ही वाटला असता काय?' हा आक्षेप आम्ही टाळत नाही. जोखीम पत्करणाऱ्याने नुकसानही सोसावे, हे न्यायाचेच आहे. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर तिची मालमत्ता विकून जे येते, त्यातून कामगार, बँका, इतर धनको आणि सरकार यांची देणी आधी भागतात आणि सामान्य भागधारकाचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने तो क्रम स्पष्ट लिहूनच ठेवला आहे. मालकाने शेवटी जेवावे, हा नियम म्हणून वाईट नाही. आमचा प्रश्न एवढाच, की त्या माणसाला आपण मालक होत आहोत हे कोणी त्याच्या भाषेत सांगितले होते काय?

सार्वजनिक भागविक्रीची जाहिरात इंग्रजी, हिंदी आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय असेल तेथील प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रांत द्यावी, असा सेबीचा नियम आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यात नोंदलेली कंपनी जाहिरातीपुरती मराठी बोलते. पैसे मागण्याचे काम संपले, की तिचे मराठी संपते. माहितीपत्रक इंग्रजीत. त्यातील जोखमीचे प्रकरण, जेथे कंपनी स्वतःच्या सहीने आपल्या उणिवा सांगते, तेही इंग्रजीत. वार्षिक अहवाल, लेखापरीक्षकाचा अभिप्राय आणि सभेची सूचना याच भाषेत. ऑक्टोबर २०२४ पासून भागविक्रीची माहिती देणारी चित्रफीत सेबीने बंधनकारक केली. ती इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांत. म्हणजे आमिष ज्या भाषेत येते त्या भाषेत इशारा येत नाही. ही तफावत ज्यांनी वर्षानुवर्षे चालू दिली, त्यांना बुडालेल्या माणसाच्या हावेवर प्रवचन देण्याचा अधिकार आम्ही नाकारतो.

आता स्वतःकडे वळू. कागद कोणत्या भाषेत आहे, या प्रश्नावर सीमाभागातील मराठी माणसाइतका झगडलेला माणूस देशात क्वचितच असेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्या पिढ्या त्यात गेल्या. जमिनीचा उतारा, मतदारयादी, सरकारी परिपत्रक मराठीतूनही मिळावे म्हणून आपण मोर्चे काढले, खटले अंगावर घेतले. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर अंगठा उमटवणे म्हणजे आपला हक्क दुसऱ्याच्या हाती देणे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. मग बटाट्याच्या पट्टीतून उरलेले पैसे किंवा सैन्यातून निवृत्त होताना मिळालेली रक्कम घेऊन दलालाच्या कार्यालयात गेल्यावर, 'इथे, इथे आणि इथे' म्हणून दाखवलेल्या जागी आपण मुकाट सही का केली? तलाठ्याकडे ज्या भाषेचा आग्रह धरला, तो दलालाकडे का धरला नाही? आमच्यापैकी काहींनीही अशाच सह्या केल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न आम्ही वाचकांना विचारण्याआधी स्वतःला विचारला आहे.

याचे एक उत्तर सहकारात सापडते. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत एकच भाग असलेला सभासद उभा राहून उसाच्या दराचा जाब विचारतो, काट्याबद्दल शंका घेतो, प्रसंगी अहवाल भिरकावतो. तो आपल्याला मालक समजतो; कारण तेथे माणशी एक मत असते आणि भांडण त्याच्या भाषेत चालते. कंपनीत मत भागांच्या संख्येवर मोजले जाते. त्यामुळे शंभर भागांचा धनी आपले मत नगण्य मानून सभेकडे फिरकत नाही. सहकार हाच सर्वांवर उतारा, असे मात्र आम्ही म्हणत नाही. देशात ग्रामीण वीजसहकाराचा प्रयोग सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या पाच संस्थांत आपल्या जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था होती आणि नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवराही होती. हुक्केरीची संस्था आजही वीज पुरवते. मुळा-प्रवरेवर मात्र थकबाकीचा डोंगर साचला आणि १ फेब्रुवारी २०११ पासून तेथील वीजवितरण महावितरणकडे गेले. सभासदांनी जाब विचारायचे सोडले, तर सहकाराच्या नावानेही डोंगर साचू शकतो.

जाब विचारल्याने काय साधते, हे पाहायचे तर गुहागरच्या दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राच्या परिचयाची झालेली एन्रॉन कंपनी आठवावी. २००० साली तिचा भाग ९० डॉलरपर्यंत चढला होता. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्याला एक डॉलरही मिळत नव्हता. कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजीही त्यात गेली. तेथेही 'हाव केली' म्हणणारे असतीलच. पण भागधारकांनी सामूहिक दावा चालवला आणि हिशेबातील लपवाछपवीस साहाय्य केल्याचा आरोप असलेल्या बड्या बँकांसह इतरांकडून ७ अब्ज २० कोटी डॉलरची भरपाई मिळवली. गेलेल्या रकमेपुढे ती थोडीच होती. परंतु दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या कपाळाला न चिकटवता न्यायालयात शोधले. सत्यमच्या घोटाळ्यानंतर २०११ मध्ये अमेरिकेतील गुंतवणूकदारांना १२ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मिळाली आणि भारतातील लहान भागधारक हात चोळत बसले. कारण आपल्या कायद्यात तसा मार्गच नव्हता.

आता तो आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४५ नुसार शंभर भागधारक एकत्र येऊन कंपनी, तिचे संचालक आणि लेखापरीक्षक यांच्याविरुद्ध राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. प्रत्येक पडझडीमागे लबाडी असते असे नव्हे. सरळ हिशेबाने चाललेली कंपनीही बुडू शकते. परंतु कोणती पडझड प्रामाणिक आणि कोणती अप्रामाणिक, हे ठरवण्यासाठी कोणीतरी अहवाल वाचला पाहिजे. ते शंभर जण कोठून आणायचे? दरवर्षी साहित्य संमेलन भरवून त्यासाठी गावोगावची माणसे जमवणाऱ्या कडोलीसारख्या गावाला शंभर माणसे जड नाहीत. जड आहे ती लाज. पैसा गमावल्याची लाज गमावलेल्या पैशापेक्षा मोठी मानली जाते, म्हणून एका गल्लीतील चार घरांत एकाच कंपनीचे भाग असूनही एकाचे दुसऱ्याला ठाऊक नसते.

येथे आम्हा लिहिणाऱ्यांचाही दोष पदरात घेतला पाहिजे. मराठी साहित्याने सावकाराचे खाते वाचले, गहाणखत वाचले, कुळाची पावती वाचली. माहितीपत्रक वाचायला आम्ही गेलो नाही. तो रुक्ष विषय, तो वाण्या-दलालांचा विषय, असे म्हणून नाक मुरडले. दरम्यान आमच्याच वाचकांचे आयुष्यभराचे पैसे त्या रुक्ष पानांत गुंतत गेले. भाग, भागधारक, प्रवर्तक, लेखापरीक्षक हे शब्द मराठीने केव्हाच घडवले आहेत. त्या शब्दांत भांडणे तेवढे बाकी राहिले.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. जी कंपनी मराठीत जाहिरात देते, तिने जोखमीचे प्रकरणही मराठीत द्यावे; सेबीने तसा नियम करावा. आणि तो होईपर्यंत आपल्या वाचनालयांनी वर्षातून एक बैठक वार्षिक अहवालाच्या वाचनास द्यावी. ज्याच्याकडे भाग आहेत त्याने ते घेऊन यावे, ज्याला इंग्रजी येते त्याने अर्थ सांगावा, ज्याला हिशेब कळतो त्याने ताळेबंद उलगडावा. बुडालेल्याने तेथे मान खाली घालून बसू नये. तो मालक होता. मालकाला जे विचारण्याचा अधिकार असतो ते त्याने विचारावे, आणि मराठीत विचारावे.