पन्नास हजारांचा प्रश्न

निफाड तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांचा मागच्या जूनमध्ये फोन आला. मुलगी बी.कॉम. झालेली. नाशिकला राहून डिजिटल मार्केटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा म्हणत होती आणि फी होती पन्नास हजार. "सर, आता गुगलवर शोधतंय कोण? जो तो त्या एआयला विचारतो. मग हे शिकून ती करणार काय? त्यापेक्षा बी.एड. केलेलं काय वाईट?"

फोनवर जे सुचलं ते सांगितलं. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, आणि त्याला बाजारात मिळणारी दोन्ही उत्तरं मला खोटी वाटतात. एक गट म्हणतो, शोध संपला, प्रमाणपत्रं रद्दी झाली. दुसरा गट, म्हणजे क्लासवाले, म्हणतात की प्रमाणपत्र घ्या, नोकरी ठेवलेलीच आहे. मी पंधरा वर्षं याच धंद्यात आहे, शनिवारी शिकवतोही. म्हणजे माझा हितसंबंध यात गुंतलेला आहे, तो वाचकाने लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

आधी पहिल्या गटाचं म्हणणं, आणि ते पूर्ण जोरानिशी. गुगलने ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात शोधाच्या पानावर सगळ्यांत वर एआयने लिहिलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली. उत्तर तिथेच मिळालं की खाली कोण जातो? प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधल्या अमेरिकी लोकांच्या वापराची नोंद तपासली. एआयचं उत्तर समोर आलं तेव्हा शंभरातल्या आठ वेळाच लोकांनी खालच्या एखाद्या दुव्यावर बोट ठेवलं. ते नव्हतं तेव्हा पंधरा वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मे गळाले. पाककृती, निबंध, 'अमुक दाखला कसा काढावा' असली पानं लिहून जाहिरातींवर जगणाऱ्यांचं यात खरोखर नुकसान आहे. 'तुमची साइट पहिल्या नंबरवर आणून दाखवतो' एवढंच जो कोर्स आजही शिकवत असेल, त्याला पन्नास हजारच काय, पाच हजारही देऊ नयेत.

इथवर मी त्यांच्याबरोबर आहे. पण दुव्यावर बोट ठेवणं कमी झालं म्हणून विचारणं संपलं, हा निष्कर्ष कुठून आला? माणसाचा दात दुखला की दवाखाना लागतोच, आणि तो कुठे आहे हे तो कुणाला तरी विचारतोच. शिवाय यंत्र जे उत्तर देतं ते आणतं कुठून? प्रश्नाचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यासाठी पानं धुंडाळतं, सापडेल ते एकत्र करून सांगतं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत याच यंत्रणेने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं. कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी रेडिटवर थट्टेने लिहिलेलं वाक्य तिने उचललं होतं. लोक त्यावर खूप हसले. मला मात्र त्यात आपल्या कामाची गोष्ट दिसली: कुणी लिहून ठेवलेलं असेल तेच यंत्र सांगणार. तुमच्याबद्दल, तुमच्या गावाबद्दल, तुमच्या मालाबद्दल तुमच्या भाषेत कुणी नीट लिहिलेलंच नसेल, तर ते दुसऱ्याचं नाव सांगेल, नाहीतर अंदाजाने काहीतरी जुळवेल.

हे कसं घडतं ते एका उदाहरणावरून सांगतो. आमच्या वर्गात बार्शीहून आलेला एक मुलगा होता. प्रत्येकाला एक खरा छोटा व्यवसाय घेऊन काम करावं लागतं. त्याने घेतल्या सदाशिव पेठेत पोळीभाजीचे डबे देणाऱ्या एक काकू. पहिल्या दिवशी तो लॅपटॉप उघडून 'पुणे टिफिन सर्व्हिस' हे शब्द किती लोक शोधतात ते बघत बसला. मी म्हटलं, ते नंतर बघ, आधी काकूंकडे जा आणि त्यांचा फोन वाजला की शेजारी बसून ऐक. तो गेला. "काकू, लोक फोनवर विचारतात तरी काय?" काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "काय विचारणार, बाळा? पोळ्या किती, रविवारी बंद असतं का, आणि तिखट कमी करून मिळेल का."

मुलाने आठ दिवस वही धरली. तेव्हा एक गोष्ट निघाली जी काकूंनाही जाणवली नव्हती. कॉलेजची मुलं 'मेस' म्हणत होती, ऑफिसवाले 'टिफिन' म्हणत होते, आणि तिसरी मंडळी होती ती अमेरिकेतून नाहीतर ऑस्ट्रेलियातून फोन करणारी मुलं-मुली. त्यांचे आईवडील पेठेत एकटे. ती विचारत होती, कमी मिठाचं देता का, वडिलांना मधुमेह आहे, आईला दात नाहीत तर भाकरीऐवजी मऊ खिचडी चालेल का, डबा वरच्या मजल्यावर आणून देता का, पैसे तिथून पाठवले तर चालतील का. काकू हे सगळं करत होत्या, वर्षानुवर्षं. त्यांच्या गुगलवरच्या नोंदीत मात्र एवढंच होतं: 'घरगुती जेवणाचे डबे मिळतील', आणि एक बंद पडलेला फोन नंबर.

जुन्या शोधात परदेशातली मुलगी दोन-तीन शब्द टाकायची आणि वीस पानं चाळायची. आता ती सरळ लिहिते की आई ७८ वर्षांची आहे, जिना चढवत नाही, साखर आहे, दोन वेळचं मऊ, कमी मिठाचं जेवण घरपोच देणारं सदाशिव पेठेत कोण आहे. एवढा लांब, एवढा नेमका प्रश्न ऐकून घेणारं साधन पूर्वी नव्हतं. ते आता आलं, आणि त्याचं उत्तर काकूच होत्या. पण काकू काय करतात हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्या मुलाने वहीतल्या प्रश्नांची सरळ मराठीत आणि इंग्रजीत उत्तरं लिहिली, नंबर बदलला, वेळा भरल्या, नकाशावरची खूण चुकीच्या गल्लीत होती ती योग्य वाड्यासमोर आणली. यात जादू काही नाही. पण हे कुणीतरी शिकवावं लागतं, आणि बार्शीहून आलेल्या त्या मुलाला ते कोर्समध्येच कळलं.

मग जाहिरात. दिवसाला दोनशे रुपये. चार दिवसांनी लोकांनी नेमके कोणते शब्द टाकून जाहिरात बघितली याचा अहवाल उघडला, तर त्यात होतं 'स्टीलचा डबा किंमत', 'शाळेचा टिफिन कार्टून', आणि शाळकरी मुलांनी शोधलेलं 'मुंबईचे डबेवाले निबंध'. काकूंचे पैसे या बोटांवर जात होते. 'स्टील', 'किंमत', 'निबंध' हे शब्द वगळायला सांगितले आणि गळती थांबली. हा अहवाल असतो, तो उघडायचा असतो, आणि त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे कुणाच्या तरी पोळ्यांचे पैसे असतात, हे ज्याला कळलं त्याला मी शिकलेला म्हणेन.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे ज्ञान वर्षभरात शिळं होतं, मग पदवी कशाची आणि प्रमाणपत्र कशाचं? शिळं होतं हे खरंच आहे. पानाच्या आत दडवून लिहिलेले कीवर्ड क्रमवारीसाठी आपण वापरत नाही, असं गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. तरी ते भरायला शिकवणाऱ्या वह्या मी अगदी अलीकडेही पाहिल्या आहेत. साइटवर कोण आलं-गेलं हे मोजण्याची गुगलची जुनी पद्धत १ जुलै २०२३ ला बंद पडली आणि तिची बटणं पाठ केलेले एका रात्रीत कोरे झाले. पण यातून अभ्यासक्रम निकामी ठरत नाही. बटणं पाठ करून घेणारा अभ्यासक्रम निकामी ठरतो.

१ जुलै २०१७ आठवा. जीएसटी आला. तालुक्याच्या गावात हिशेब लिहिणारी दोन प्रकारची माणसं होती. जमा-खर्च ज्यांच्या डोक्यात पक्का होता, ते दोन-तीन महिने त्रासले आणि नव्या पद्धतीला लागले. ज्यांना टॅलीत फक्त कुठली कळ दाबायची एवढंच येत होतं, ते अडकले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की वाणिज्य शाखा बंद करा. शोधाच्या धंद्यातही जमा-खर्चासारखं टिकणारं काही आहे: विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणं, त्याचं खरं उत्तर स्वच्छ लिहिणं, आणि खर्च केलेल्या रुपयाचा माग काढणं. समजा, जाहिरातीतून मिळालेला एक गिऱ्हाईक काकूंना साडेचारशे रुपयांना पडला आणि महिन्याला त्यांच्या हाती त्याच्यामागे सहाशे उरतात. तो एक महिना टिकला तर दीडशे सुटतात. सहा महिने टिकला तर तीन हजारांवर जातात. मग जास्त पैसा विद्यार्थ्यांच्या मेसवर लावायचा की आजी-आजोबांच्या डब्यावर? हा प्रश्न कुठल्याही यंत्राच्या येण्याने जुना होत नाही.

गुगलच्या स्वतःच्या जाहिरात-परीक्षेचं प्रमाणपत्र एका वर्षाने संपतं, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ही त्याची उणीव आहे असं अनेक जण म्हणतात. मला ती त्यातली सगळ्यांत चांगली गोष्ट वाटते.

पण त्याच प्रमाणपत्राबद्दल दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जो जाहिरातीची जागा विकतो, त्यानेच ती विकत कशी घ्यायची हे शिकवायचं, यात गिऱ्हाइकाची बाजू कोण बघणार? गुगल पार्टनर हा बिल्ला एजन्सीला हवा असेल तर परीक्षा पास झालेली माणसं लागतातच. शिवाय ९० दिवसांत १० हजार डॉलरच्या जाहिराती चालवाव्या लागतात, आणि गुगलच्या शिफारशींवर आधारलेला ७० टक्क्यांचा गुणांक राखावा लागतो. त्या शिफारशींत बजेट वाढवा, शब्दांची व्याप्ती सैल सोडा, असले सल्ले बरेच असतात. काकूंच्या दोनशे रुपयांना तो सल्ला परवडत नाही. फुकट मिळतं म्हणून ते जरूर शिकावं, पण तेवढ्यावर थांबलेला मुलगा विकणाऱ्याचा माणूस होतो. स्वतंत्र अभ्यासक्रमाची गरज मला दिसते ती नेमकी इथे.

"सगळं यूट्यूबवर फुकट आहे" असं म्हणणाऱ्यांशी मी फार वाद घालत नाही. आहे खरं. ज्याचा मामा एजन्सीत आहे त्याला कागद लागत नाही. निफाडच्या मुलीचा अर्ज उघडून बघायला मात्र पुण्यातल्या माणसाला काहीतरी निमित्त लागतं, आणि तिने लिहिलेलं पान लाल पेनाने परत करणारं माणूस यूट्यूबवर मिळत नाही.

राहिले क्लासवाले. 'शंभर टक्के नोकरीची हमी' असे फलक रस्तोरस्ती आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध १३ नोव्हेंबर २०२४ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली; त्यांत नोकरीच्या आणि निवडीच्या खोट्या हमीवर बोट ठेवलेलं आहे. तरी फलक उतरलेले नाहीत. मला याची चीड येते, कारण ही फी भरण्यासाठी घरातलं सोनं गहाण पडलेलं मी पाहिलं आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या हातात आधीच्या क्लासची चार प्रमाणपत्रं होती. जाहिरातीवर एक रुपया तिने कधी खर्च करून पाहिला नव्हता. सगळं शिक्षण पडद्यावरच्या चित्रांवरून झालं होतं. पोहण्याचं प्रमाणपत्र कोरड्या जमिनीवर दिलं होतं तिला. तिचे पैसे गेले ते गेलेच, वर ती दोन वर्षं स्वतःलाच नालायक समजत राहिली. हे नुकसान कुठल्या तक्रारअर्जात लिहायचं?

म्हणून निफाडच्या त्या गृहस्थांना मी सांगितलं, फी भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन विचारा की मुलीच्या हाताने खरे पैसे खर्च होणार आहेत का, भले दोन हजार असोत. त्याचा हिशेब तिच्याकडून कोण मागणार? शिकवणारा आज कुणाचं काम करतो? आधीच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेलं काम बघायला मिळेल का? मराठीत लिहून घेतात का? आणि नोकरीची हमी देत असतील तर उठून या. हे सगळं जमत असेल तर पन्नास हजार वाया जाणार नाहीत; एआय आला म्हणून तर अजिबात नाही.

ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या दुकानाला याचा काही उपयोग होईल का?"

मी म्हटलं, कोर्स सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत ना, तोवर तिला काउंटरवर बसवा आणि हातात वही द्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलीने त्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत, तारीखवार, शेतकरी बोलले तसं उतरवलेलं. सोयाबीन पिवळं पडलंय, काय द्यावं? युरिया कधी येणार? टोमॅटोच्या फवारणीत दोन औषधं एकत्र चालतात का? मागच्या वर्षीचं कांद्याचं बी उरलंय, रोपाला टाकलं तर उगवेल का? प्रत्येक प्रश्नापुढे वडिलांनी काय सांगितलं ते होतं. शेवटच्या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं: 'पप्पा म्हणाले, आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात घालून बघा, किती उगवतात ते मोजा. हे कुठेच लिहिलेलं सापडलं नाही, मी लिहू का?'

मी लगेच उत्तर पाठवलं, लिही.