ब्रेक फेल होत नसतात

‘ब्रेक फेल झाले’ एवढे म्हटले की आपल्याकडे चौकशी संपते. मग मंत्र्यांची भेट, मदतीचा आकडा, पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेला सांगाडा आणि पुढच्या अपघातापर्यंत सामसूम. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुण्याच्या नवले पुलावर बेभान कंटेनरने आठ जणांचा जीव घेतला, तेव्हाही हेच कारण पहिल्यांदा पुढे आले. त्यानंतर चर्चा झाली ती उताराची, वेगमर्यादेची आणि कॅमेऱ्यांची. त्या चाकांच्या आत कोणते लायनर होते, ते कोणी बनवले, कोणी विकले आणि कोणी बसवले, हा प्रश्न चर्चेच्या आसपासही फिरकला नाही. त्याच महिन्यात केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या फिटनेस तपासणीचे शुल्क वाढवले. वीस वर्षांवरच्या अवजड वाहनांना ते अडीच हजारांवरून थेट २५ हजार झाले. शुल्क दहापट झाले. तपासणी किती पट झाली, हे सरकारने सांगितलेले नाही.

चाकांच्या आत काय आहे, हा सवाल कुंभारीतून विचारायला सबळ कारण आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे हे गाव आता नुसते गाव उरलेले नाही. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत इथे २००६ मध्ये उभी राहिली. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथल्याच रे नगर वसाहतीतल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. पूर्ण योजना तीस हजार घरांची आहे. एवढी माणसे कामधंद्यासाठी शहरात जातात ती रिक्षाने, वडापने, दुचाकीने. त्याच रस्त्यावर अक्कलकोटला निघालेल्या भाविकांच्या गाड्या असतात आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. यातल्या प्रत्येकाचा जीव शेवटी चाकातल्या तळहाताएवढ्या घर्षणपट्टीवर अवलंबून असतो. ती पट्टी कशाची आहे, हे मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते.

कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन उभे राहा. गिऱ्हाइकाने ब्रेक पॅड मागितले की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ प्रश्न इतका सहज विचारला जातो की त्यात काही गैर आहे असे दोघांनाही वाटत नाही. त्यापुढची पायरी तर याहून घातक. खोके नामांकित कंपनीचे, त्यावर होलोग्राम, छापील किंमत आणि आत भलतेच. पोलिसांच्या छाप्यांत बनावट मालाबरोबर खोकी, लेबले आणि होलोग्रामही सापडतात. म्हणजे हा गल्लीतल्या कोणा एकट्या भामट्याचा उद्योग नाही, ही रीतसर पुरवठा साखळी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अस्सल माल स्वस्त होण्याची ती संधी होती. पण अस्सल आणि नक्कल यांच्या किमतीत एवढी दरी असते की दहा टक्क्यांनी ती बुजत नाही.

नकली पॅडमधला धोका चालवणाऱ्याला आधी कळतही नाही. बाजारातून फिरताना, चाळीसच्या वेगात तो पॅड बरा चालतो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना ब्रेकला चौपट ऊर्जा गिळावी लागते आणि तिची उष्णता होते. हलक्या प्रतीच्या पट्टीची पकड त्या उष्णतेत सुटते. पाय पेडलवर, पेडल कडक, आणि गाडी मात्र थांबत नाही. पट्टी नीट चिकटवलेली नसेल तर ती मागच्या लोखंडी पत्र्यापासून सुटून येते. ब्रेक ऑइलचेही तेच. डॉट-३ दर्जाचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. तेच तेल हवेतली ओल शोषत गेले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. तेल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल भसकन खाली जाते. आपण ज्याला ‘अचानक’ म्हणतो ते असे महिनोन् महिने शिजत असते. ब्रेक फेल होत नसतात. ते आधी कुठेतरी फेल केलेले असतात.

ही गोष्ट सर्वांत आधी कळते ती रेसिंगवाल्यांना. ट्रॅकवर गाडी वळणागणिक पूर्ण वेगातून खाली आणली जाते, तेव्हा ब्रेकच्या डिस्क लालबुंद होतात. नकली पॅड, हलक्या प्रतीची अलॉय चाके, चाक बाहेर काढणारे स्पेसर, गाडी खाली बसवण्यासाठी कापलेल्या स्प्रिंगा या सगळ्यांचे पितळ तिथे काही फेऱ्यांत उघडे पडते. म्हणून गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी तिची तपासणी होते. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत इंजिनीअरिंगची मुले स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन उतरतात. तिथल्या ब्रेक चाचणीत चारही चाके एकदम जाम झाली नाहीत तर गाडी शर्यतीत उतरत नाही. कॉलेजच्या पोरांच्या गाडीला, मोकळ्या ट्रॅकवर, हेल्मेट घातलेल्या एका चालकासाठी एवढी कसोटी. आणि माणसांनी खच्चून भरलेल्या वडापला? खासगी मोटारीला तर नोंदणीनंतर पंधरा वर्षे फिटनेस तपासणीच नाही. धुराचे प्रमाणपत्र दाखवले की भागते. गाडी किती धूर सोडते याची सरकारला काळजी आहे. ती थांबते का, याची नाही.

व्यावसायिक वाहनांच्या तपासणीची कथा तर लाज आणणारी आहे. फिटनेस देताना ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवर घेतली पाहिजे, हे परिवहन खात्याच्या गळी उतरवायला याचिकाकर्ते श्रीकांत कर्वे यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने आदेश दिले, मुदती दिल्या, तरी ट्रॅक होईनात. अखेर २०१७ मध्ये ट्रॅक नसलेल्या आरटीओंमधली फिटनेस तपासणी बंद ठेवण्याची वेळ आली. अडीचशे मीटरचा सरळ रस्ता बांधायला ज्या खात्याला न्यायालयाचा बडगा लागतो, ते चाकातली पट्टी अस्सल आहे का हे स्वतःहून पाहील, अशी आशा कोणी धरावी?

कायदा नाही अशीही सबब नको. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातले कलम १८२-अ नव्याने लिहिले गेले. केंद्राने सुरक्षेसाठी अत्यावश्यक ठरवलेला भाग मानकात न बसणारा असेल आणि तो कोणी विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. हे कलम लागून आत गेलेला दुकानदार आपल्या कोणाच्या ऐकिवात आहे? छापे पडतात ते सहसा कंपनीचा प्रतिनिधी तक्रार घेऊन आल्यावर, आणि गुन्हा नोंदवला जातो तो कॉपीराइटचा किंवा ट्रेडमार्कचा. म्हणजे चोरी झाली ती कंपनीच्या नावाची, नुकसान झाले ते कंपनीच्या धंद्याचे. ज्याच्या गाडीत तो पॅड बसला तो या कागदात कुठेच नाही. अपघाताच्या गुन्ह्यात नाव येते ते एकट्या चालकाचे, ‘भरधाव व हयगयीने’ या ठरीव शब्दांसह. पट्टी बनवणारा, खोके छापणारा आणि बिल न देता विकणारा हे तिघेही नामानिराळे.

‘सगळ्यांनाच कंपनीचा माल परवडत नाही’ हे आम्हाला ठाऊक आहे. बाजारात इतर कंपन्यांचे चांगले, मानकात बसणारे पर्यायी भागही मिळतात. ते खुशाल वापरावेत. प्रश्न पर्यायाचा नाही, फसवणुकीचा आहे. गरिबाला स्वस्त माल हवा म्हणून त्याला मरण विकण्याचा परवाना कोणाला मिळत नाही.

हेल्मेटचे तरी वेगळे काय? १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे. तरीही रस्त्याकडेला चिन्हाचे स्टिकर डकवलेल्या टोपल्यांचे ढीग असतात आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर हेल्मेट नसलेल्यांच्या पावत्या फाडल्या जातात. विकत घेणाऱ्याला दंड, विकणाऱ्याला अभय, हा आपल्या सुरक्षेचा एकूण नमुना. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यातली पंधरा हजारांवर महाराष्ट्रात. त्यांतली किती नकली भागांनी मारली, हे कळणार कसे? कोणी चाक उघडून पाहिलेच नाही तर आकडा येणार कुठून?

म्हणून ‘ब्रेक फेल’चा दावा झालेल्या प्रत्येक अपघातात वाहनाचे ब्रेक सील होऊन प्रयोगशाळेत गेलेच पाहिजेत. नकली भाग निघाला तर त्याचा माग दुकानापर्यंत आणि दुकानातून कारखान्यापर्यंत काढला पाहिजे. ब्रेक, स्टिअरिंग, चाक आणि टायर यांचे भाग बॅच क्रमांक असलेल्या बिलाशिवाय विकता येऊ नयेत. मेकॅनिकने जुना भाग आणि नवे खोके दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत. आणि नकली ब्रेकने माणूस मेला तर तो विकणाऱ्यावर आणि बनवणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल व्हावा. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही आणि २५ हजारांचे शुल्कही लागत नाही. पुढच्या अपघातानंतर जो अधिकारी ‘ब्रेक फेल झाले’ असे सांगून मोकळा होईल, त्याच्याकडे लोकांनी त्या ब्रेकचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. तो नसेल तर चौकशी झालेली नाही, एवढेच समजावे.