चौथा मजला आणि हृदयाचा हिशेब

नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ असतो. मुले तो गुणांसाठी वाचतात, पालक केव्हाच विसरलेले असतात. वस्तुतः त्याचा खरा उपयोग आजी-आजोबांना आहे, विशेषतः आपल्या नवी मुंबईत. सिडकोच्या जुन्या चारमजली इमारतींपैकी अनेकींत लिफ्ट नाही. तेथे जिना हाच एक मार्ग.

एका मजल्याची उंची 3 मीटर धरू. 60 किलो वस्तुमानाची व्यक्ती तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर, म्हणजे 12 मीटर उंच जाते. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तिने केलेले कार्य 60 × 9.8 × 12, म्हणजे 7056 ज्यूल. ती धावत जावो वा रमतगमत, हा आकडा बदलत नाही. बदलते ती शक्ती, म्हणजे कार्य भागिले वेळ. एका मिनिटात चढल्यास सरासरी शक्ती सुमारे 118 वॅट. दोन मिनिटे घेतल्यास 59. हातात 10 किलोच्या पिशव्या असतील, तर एका मिनिटाच्या चढणीचे 137 वॅट होतात.

(वजन घटविण्याच्या आशेने हिशेब करणाऱ्यांसाठी: स्नायू खर्चिलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा उपयोगी कार्यात उतरवतात. तरीही चार मजल्यांचा खर्च सात-आठ किलोकॅलरीच भरतो. चहातील एका चमचा साखरेत 20 असतात!)

हृदयाला भिडते ती शक्ती. स्नायूंना दर सेकंदाला जितकी ऊर्जा हवी, तितक्या वेगाने प्राणवायू पोहोचवावा लागतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तर 59 वॅटला निमूट चालणारे हृदय 118 वॅटला तक्रार करू लागते.

मात्र ‘सरासरी’ हा शब्द फसवा आहे. समजा, दोन शेजारी दोन मिनिटांत वर पोहोचले. एक संथपणे चढला. दुसरा एकूण 30 सेकंद धावला आणि 90 सेकंद जिन्याच्या वळणांवर धापा टाकीत उभा राहिला. दोघांची सरासरी शक्ती सारखीच, 59 वॅट. परंतु धावताना दुसऱ्याची शक्ती 235 वॅट होती, आणि तो भार त्याच्या हृदयाने सोसला. म्हणून दमल्यावर थांबण्यापेक्षा दमण्यापूर्वीच गती आवरावी आणि पिशव्या दोन खेपांत वर न्याव्यात.

आपल्या नेहमीच्या चालीने वर जाण्यास किती वेळ लागतो, हे महिन्यातून एकदा घड्याळात पाहावे. वजन तेच, जिना तोच, आणि काही आठवड्यांत वेळ सव्वा मिनिटावरून दोन मिनिटांवर गेला, तर ‘वय झाले’ असे म्हणून सोडू नये. रक्तक्षय, थायरॉइड, दमा किंवा हृदयविकार यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. तपासणी करून घ्यावी. चढताना छाती, जबडा किंवा डावा हात आवळल्यासारखा वाटून थांबल्यावर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. काही मिनिटे बसूनही ते थांबले नाही, तर उरलेले मजले चढू नयेत. तेथेच बसून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.